गारवा मिळाला, पण हवेचे काय?

व्यापारी इमारत बांधून होत आली की एसीचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती टन लागतील?' दुसरा प्रश्न, 'कितीला पडेल?' आणि तिसरा, 'वीजबिल किती येईल?' तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पैसा लावणाऱ्याने ते विचारायलाच हवेत. पण त्या इमारतीत रोज आठ-दहा तास काढणाऱ्या माणसांच्या प्रकृतीशी ज्याचा थेट संबंध आहे, तो चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. 'या यंत्रणेतून बाहेरची ताजी हवा आत किती येणार?'

अनेकांची समजूत अशी असते, की एसी बाहेरची हवा ओढतो, थंड करतो आणि आत सोडतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी यातले काहीच करत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड नळ्यांवरून फिरवतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून हवा जात नाही. मेकॅनिक ज्याला 'गॅस' म्हणतो ते शीतद्रव्य जाते. ते आतली उष्णता बाहेर नेऊन टाकते, एवढेच. त्यात गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट बंद. मग सकाळी दहाला आत शिरलेली हवा संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या नाकातोंडातून फिरत राहते. ती थंड असते, पण ताजी नसते.

एका जेवणाचा धडा

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे चीनमधील ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटने दाखवून दिले. २४ जानेवारी २०२० रोजी, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, तिथल्या खिडक्या नसलेल्या मजल्यावर तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवत होती. त्यांपैकी एक कुटुंब वुहानहून आले होते आणि त्यातल्या एका व्यक्तीला कोविडची लागण झालेली होती. पुढच्या दोन आठवड्यांत या तीन कुटुंबांतील मिळून १० जण आजारी निघाले. त्याच मजल्यावर जेवणाऱ्या इतर ७० हून अधिक ग्राहकांना आणि वाढप्यांना मात्र काही झाले नाही. तिन्ही टेबले एकाच एसीच्या झोतात होती. तो एसी तीच हवा त्या तीन टेबलांवरून नेत होता आणि परत खेचत होता. नंतर तपासकांनी तिथे वायू सोडून मोजमाप केले, तेव्हा ताज्या हवेचे प्रमाण माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर भरले. हवा बाहेर फेकणारे पंखे बंद होते. गारव्याबद्दल तक्रार करण्यासारखे तिथे काही नव्हते.

विषाणू एसीने निर्माण केला नव्हता. एसीने फक्त हवेचा एक डोह करून ठेवला आणि माणसे त्या डोहात बसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कार्यालये, दुकाने अशा ठिकाणांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा सुचवली, त्यामागे अशाच अनुभवांचा आधार होता. एसीच्या कंत्राटदाराच्या भाषेत सांगायचे, तर माणशी सुमारे २० सीएफएम.

कोविडचा जोर ओसरला म्हणून हा हिशेब कालबाह्य होत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय हा हवेतूनच पसरणारा रोग आहे. हे ज्या प्रयोगाने पक्के केले, तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोरच्या रुग्णालयात झाला. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोगाच्या वॉर्डातली हवा डक्टमधून वरच्या बाजूला ठेवलेल्या गिनीपिगच्या पिंजऱ्यांत नेली. या प्राण्यांचा रुग्णांशी कसलाही संपर्क नव्हता. तरीही त्यांना क्षयाची लागण झाली. दुसऱ्या पिंजऱ्यात जाणारी हवा अतिनील किरणांमधून नेली होती. तिथले प्राणी बचावले. एका खोलीतली हवा डक्टमधून दुसऱ्या खोलीत गेली, तर तिच्याबरोबर रोगही जातो, हे तेव्हापासून माहीत आहे.

हवा शिळी झाली, हे कसे ओळखायचे?

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच याचे उत्तर दिले होते. माणूस श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो खोलीत जितका साठला, तितकी हवा दुसऱ्यांनी वापरलेली. हवेच्या दहा लाख भागांत तो १००० भागांच्या, म्हणजे १००० पीपीएमच्या, आत असावा, असे त्यांनी सांगितले. आजही हाच आकडा व्यवहारात वापरला जातो.

याचे गणित सोपे आहे. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम असतो. बसून काम करणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण ०.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली, तर खोलीतले प्रमाण ९०० च्या आसपास स्थिरावते. पाच लिटर मिळाली, तर १४०० च्या वर जाते. अडीच लिटर मिळाली, तर २४०० च्या घरात. या पातळीला कार्बन डायऑक्साइड स्वतः विषारी नसतो. तो फक्त सांगतो, की खोलीतल्या इतरांच्या श्वासातला बराच भाग आपण पुन्हा आत घेत आहोत. तो मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते.

दुपारी डोके जड होणे, डोळे चुरचुरणे, घसा कोरडा पडणे, विनाकारण थकवा येणे आणि इमारतीबाहेर पडल्यावर तासाभरात बरे वाटणे, या तक्रारींना १९८० च्या दशकापासून 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' असे नाव आहे. रुग्ण रक्त तपासून घेतो, चष्म्याचा नंबर तपासतो, डोकेदुखीच्या गोळ्या घेतो. त्याच्या कार्यालयातली हवा मात्र कोणी तपासत नाही.

कोणती यंत्रणा कुठे?

तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या उपनगरात हमखास दिसणारी एक इमारत डोळ्यांसमोर आणू. तळमजल्यावर दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाने, दुसऱ्यावर शिकवणी वर्ग, तिसऱ्यावर कार्यालये. अशा इमारतीसाठी साधारण चार पर्याय समोर येतात.

पहिला, प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र स्प्लिट एसी. पहिला खर्च कमी, ज्याचे बिल त्याला, एक बिघडला तर बाकीचे चालू. छोट्या दुकानाला हे पुरते, कारण दार सारखे उघडते. पण ४० मुलांच्या वर्गाला फक्त स्प्लिट लावणे म्हणजे मुलांना बंद डब्यात बसवणे. त्या वर्गाला सेकंदाला ४०० लिटर, म्हणजे साधारण ८५० सीएफएम, ताजी हवा लागते. स्प्लिट त्यातली एक लिटरही आणत नाही. तिथे ताजी हवा आत घेणारा पंखा आणि शिळी हवा बाहेर टाकणारा पंखा वेगळा बसवावाच लागतो.

दुसरा पर्याय, व्हीआरएफ. गच्चीवर एक मोठे युनिट आणि त्याला जोडलेली खोल्याखोल्यांतली अनेक छोटी युनिट्स. अर्धी इमारत रिकामी असताना ही यंत्रणा वीज बेताने वापरते, प्रत्येक भाडेकरूचे बिल वेगळे काढता येते आणि जागाही कमी अडते. म्हणून मध्यम आकाराच्या इमारतींत हल्ली तिला पसंती आहे. पण तिची आतली युनिट्सही सर्वसाधारणपणे खोलीतलीच हवा फिरवतात. ताजी हवा गाळून, थंड करून, कोरडी करून प्रत्येक मजल्याला देणारे वेगळे युनिट तिच्याबरोबर घ्यावे लागते. कोटेशनमध्ये ही ओळ असते आणि भाव पाडताना सगळ्यात आधी तिच्यावरच काट मारली जाते.

तिसरा पर्याय, डक्टमधून हवा देणारी यंत्रणा. आणि इमारत फार मोठी असेल, तर चिलरवर चालणारा सेंट्रल प्लांट. यात ताजी हवा मिसळण्याची सोय असते आणि चांगल्या दर्जाचे फिल्टर बसवता येतात. स्प्लिटमधली जाळी फक्त धूळ आणि तंतू अडवते. 'मर्व्ह १३' दर्जाचा फिल्टर एक ते तीन मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ८५ टक्के अडवतो आणि रोगजंतू वाहून नेणारे बरेच कण याच आकाराचे असतात. मात्र असा दाट फिल्टर पेलण्याइतका ताकदीचा पंखा आधीपासूनच निवडावा लागतो. नंतर कोंबला, तर हवाच कमी येते. या पर्यायातला धोका बाल्टिमोरच्या गिनीपिगनी दाखवलेला आहे. एकाच डक्टवर दवाखाना आणि शिकवणी वर्ग असता कामा नये. फॉल्स सीलिंगच्या वरची सामाईक पोकळीच परतीच्या हवेचा मार्ग केला असेल, तर वेगळ्या खोल्या नावापुरत्याच वेगळ्या उरतात.

दवाखान्याचा नियम तर निराळाच. तिथली हवा परत फिरवण्यापेक्षा जास्तीत जास्त बाहेर टाकावी आणि जितकी आत येते त्याहून थोडी अधिक बाहेर जाईल असे पंखे निवडावेत. म्हणजे दार उघडले, तर हवा जिन्यातून दवाखान्यात येईल, दवाखान्यातून जिन्यात जाणार नाही.

चौथा पर्याय फक्त कोरड्या हवेच्या मुलखातला, पाण्यावर चालणारा कूलर. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते, की पाण्याचे बाष्पीभवन होताना तापमान चांगलेच उतरते. गोदामे, कार्यशाळा, मोठे हॉल यांच्यासाठी याच तत्त्वावरच्या मोठ्या यंत्रणा मिळतात. त्यांना वीज कमी लागते आणि त्या पूर्णपणे बाहेरची हवा आत देतात. त्यामुळे एखादी खिडकी उघडी ठेवावीच लागते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र कूलर केवळ ओलावा वाढवतो आणि विदर्भातही पावसाळा लागला की त्याचा उपयोग संपतो.

जास्त टन म्हणजे जास्त चांगले नव्हे

'एक टन जास्तच घ्या, पुढे बरे पडेल,' हा सल्ला सर्रास दिला जातो. एक टन म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी बाहेर काढण्याची क्षमता. सुमारे साडेतीन किलोवॉट. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट थंड करतो आणि बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. हवेतला ओलावा काढायला त्याला सलग वेळ मिळत नाही. इन्व्हर्टर एसीत हा दोष कमी असतो, पण जात नाही. परिणामी खोली गार पण दमट राहते. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते, गालिच्यात सूक्ष्म किडे वाढतात आणि दम्याच्या रुग्णांना ते भोवते.

खरे तर आधुनिक एसीचा जन्मच ओलाव्यावर उपाय म्हणून झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत होता आणि रंगीत छपाई बिघडत होती. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. आतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असणे कागदाइतकेच माणसालाही मानवते. म्हणून टन ठरवताना 'इतक्या चौरस फुटांना इतके टन' हा ठोकताळा बाजूला ठेवून उष्णतेचा रीतसर हिशेब मागावा. किती माणसे, किती संगणक, पश्चिमेला किती काच, वर उघडा स्लॅब आहे का, ताजी हवा किती, हे सगळे त्यात आले पाहिजे. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. ४० मुलांचा वर्ग म्हणजे नुसत्या माणसांचाच एक टनाहून अधिक भार.

साचलेले पाणी

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. घरी परतल्यावर अनेकांना तीव्र न्यूमोनिया झाला आणि त्यांच्यापैकी २९ जण दगावले. कारण सापडायला सहा महिने लागले. जानेवारी १९७७ मध्ये तोवर अनोळखी असलेला जिवाणू सापडला. त्याला 'लिजिओनेला' असे नाव मिळाले. हा जिवाणू कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंश तापमानाला, वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. सेंट्रल प्लांटचा कूलिंग टॉवर हे त्याच्या आवडीचे ठिकाण. म्हणून पाण्याने थंड होणारा चिलर घ्यायचा, तर टॉवरच्या पाण्यावर नियमित प्रक्रिया, गाळ काढणे आणि तपासणी यांचा वार्षिक करार त्याच वेळी करावा. ते जमणार नसेल, तर हवेने थंड होणारी यंत्रणा घ्यावी. वीज थोडी जास्त लागेल, पण टॉवरची जोखीम राहणार नाही.

छोट्या एसीतही पाणी असतेच. थंड नळ्यांवर दव धरते, ते ट्रेमध्ये पडते आणि नळीतून बाहेर जाते. नळीला उतार नसेल, तर ट्रेमध्ये पाणी साचते, शेवाळ धरते आणि कुबट वास येऊ लागतो. यावर सुगंधी फवारा हा उपाय नव्हे. कूलरच्या टाकीतले पाणी आठवडाभर तसेच राहिले, तर डेंग्यूच्या डासाला अंडी घालून पिल्ले मोठी करायला तेवढा अवधी पुरतो. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवणे याला पर्याय नाही.

खिडकीला कमी लेखू नये

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांत केलेले मोजमाप २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारे उघडी असताना खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने वायुवीजन केलेल्या खोल्यांत, जिथे ती १२ वेळा बदलेल असे धरले होते, क्षयाच्या संसर्गाचा अंदाज अधिक निघाला. सर्वांत उत्तम ठरल्या त्या १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती.

आपल्याकडे नव्या व्यापारी इमारतीला पुढून अखंड काच लावण्याची हौस आहे. ती काच ऊन आत घेते, एसीचा भार वाढवते आणि उघडत नाही. वीज गेली किंवा एसी बिघडला, की आत बसणे अशक्य होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत खिडक्या उघडून पंख्यावर काम भागते. त्यासाठी खिडक्या उघडणाऱ्या हव्यात. छज्जा, पडदी, गच्चीवर पांढरा थर आणि उष्णतारोधक लेप यांमुळे भार उतरला, तर लहान यंत्रणा पुरते आणि वाचलेला पैसा ताज्या हवेवर खर्च करता येतो.

कारण ताज्या हवेला खर्च येतो, हे मान्य केलेच पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत वर उल्लेखलेल्या ४० मुलांच्या वर्गाची ताजी हवा थंड आणि कोरडी करायला चार-पाच टनांचा भार वाढू शकतो. तो कमी करण्याचे मार्ग आहेत. बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून येणाऱ्या गरम हवेला आधीच गार करून घेणारे 'एनर्जी रिकव्हरी' युनिट यातला मोठा हिस्सा वाचवते. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवर चालणारा पंखा खोली रिकामी असताना आपोआप मंद होतो. आणि तापमान २४ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींवर हेच तापमान आधीपासून लावलेले असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वाढवल्यावर सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ अंशांवर एसी लावून अंगावर शाल घेण्यात ना तब्येतीचे भले, ना खिशाचे.

सही करण्यापूर्वी

कंत्राटावर सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी मागाव्यात. प्रत्येक खोलीला माणशी किती ताजी हवा मिळणार? ती कुठून घेतली जाणार? जनरेटरचा धूर, वाहनतळ, स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट आणि कूलिंग टॉवर यांच्यापासून ती जागा दूर आहे ना? फिल्टर कोणत्या दर्जाचा आणि तो किती महिन्यांनी बदलायचा? फॉल्स सीलिंगमध्ये युनिटपर्यंत हात पोहोचेल असे दार ठेवले आहे का? कारण जिथे हात पोहोचत नाही, ते कधी साफ होत नाही. आणि काम पूर्ण झाल्यावर, खोल्या माणसांनी भरलेल्या असताना, कार्बन डायऑक्साइड मोजून दाखवला जाईल का? शेवटच्या हप्त्याची रक्कम या मोजमापाशी बांधून घेतली, तर पहिल्या चार उत्तरांना वजन येते.

हे सगळे इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच ठरायला हवे. डक्टसाठी स्लॅबमध्ये जागा ठेवली नाही, तर पुढे ती फोडून करावी लागते आणि तसे सहसा कोणी करत नाही. एकदा बसवलेली यंत्रणा पंधरा-वीस वर्षे चालते. भाडेकरू बदलतात, वर्गातली मुले दरवर्षी नवी येतात, दवाखान्यात रोज नवे रुग्ण बसतात. त्यांच्यापैकी कोणालाही ही यंत्रणा निवडायची संधी मिळालेली नसते. त्यांच्या वतीने निवड करणाऱ्याने टनांच्या आधी हवेचा हिशेब मांडावा.